उनपदेवच्या पाण्यावर वीज करायची? आधी या चुका टाळा

अडावदजवळचं उनपदेव असो की शहाद्याकडचं, दोन्हीकडे गरम पाण्याचे झरे, आणि ते पाणी बघितलं की कुणीतरी विचारतंच, यावर वीज का नाही करत? प्रश्न चांगलाय, पण बहुतेकांचा हिशोब पाणी किती गरम आहे इथेच थांबतो, आणि पहिली चूक तीच. वीज मिळते ती गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर. अलास्कात चेना इथे २००६ मध्ये जेमतेम ७४ अंशांच्या पाण्यावर प्लांट सुरू झाला, कारण थंड करायला ४-५ अंशांचं पाणी शेजारीच होतं. आपल्याकडे मे मध्ये भुसावळची हवाच ४५ ला जाते, मग ६० अंशांच्या पाण्यातून उरतं काय? म्हणून अंदाज मे महिन्यावर काढा, जानेवारीवर नको. कूलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून गारवा देणारा मनोरा, कोरड्या हवेत मस्त चालतो पण वाफेतून पाणी खूप उडवतो, आणि यावल-रावेरच्या बोअरवाल्यांना पाण्याची किंमत सांगायला नको.

सगळ्यात महागात पडतो पंप. समजा सेकंदाला ५ लिटर पाणी ६० वरून ५० अंशांवर आणलं तर उष्णता मिळते साधारण २०९ किलोवॅट, त्यातले ४ टक्के वीज झाली तर ८ किलोवॅट, आणि तेच पाणी १०० मीटरवरून उपसायला मोटर जवळपास तेवढीच वीज खाते!! म्हणजे हाती शून्य. स्वतःहून वर येणारं पाणी असेल तरच पुढचं बोला.

अशा प्लांटमध्ये गरम पाणी टर्बाइनमध्ये जात नाही, ते हीट एक्स्चेंजरमधून (दोन द्रव न मिसळता उष्णता इकडून तिकडे देणारं यंत्र) कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला उष्णता देतं. त्यामुळे वीज हळूहळू कमी होत असेल तर लगेच टर्बाइन खोलू नका, आधी एक्स्चेंजरच्या आत-बाहेरचं तापमान आणि प्रेशर बघा, पाण्याच्या बाजूला प्रेशर ड्रॉप, म्हणजे आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक, वाढला असेल तर बहुतेक क्षार बसलेत. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटला की चुना बसतो, म्हणून लाइनमध्ये प्रेशर टिकवा.

वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं, पण उपशाच्या बोअरला खेटून नको, नाहीतर मूळ पाणीच गार होत जातं. आणि कुंडाचं पाणी वळवूच नका, तिथे लोक श्रद्धेने आंघोळीला येतात.

माझं स्पष्ट मत, एवढ्या तापमानाला वीजेपेक्षा उष्णताच थेट वापरा. नंदुरबारची मिरची उघड्या पथारीवर वाळते आणि अवकाळी आला की भिजते, तिथे ड्रायरला ५० अंशांची हवा पुरते.