जुन्या गाडीतील तेलाची बारीक गळती कशी शोधावी

गाडीखाली तेलाचा ठिपका ज्या जागी पडतो, त्याच्या बरोबर वरच गळती असेल असे गृहीत धरणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. इंजिनाच्या वरच्या भागातून पाझरलेले तेल ब्लॉकच्या कडेने ओघळते, एखाद्या बोल्टच्या डोक्याशी थबकते, वायरींच्या जुडग्यावरून आडवे सरकते, गाडी धावत असताना समोरून येणाऱ्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि अखेरीस चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या) सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकते. त्यामुळे चेंबरचे गॅस्केट (सांध्यातून तेल न गळू देणारी पट्टी) बदलूनही ठिपका तसाच पडत राहिला, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या अनेकांना आलेला असतो. थेंबापासून ओघळाकडे आणि ओघळापासून पाझराकडे असा उलटा प्रवास पूर्ण होऊन पाझराची जागा डोळ्यांनी दिसेपर्यंत एकही नवा भाग विकत घेऊ नये.

आरंभी जे गळते आहे ते इंजिन ऑइलच आहे याची खात्री करावी. वातानुकूलन चालू ठेवल्यानंतर गाडीखाली पडणारे पाणी स्वच्छ आणि निरुपद्रवी असते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते आणि त्याला गोडसर वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे आणि पुष्कळ गाड्यांतील पॉवर स्टिअरिंगचे तेल लालसर असते, तर साध्या गिअरबॉक्सच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर आणि बुळबुळीत ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल असू शकते. तसे असल्यास बाकीचा शोध बाजूला ठेवून आधी ब्रेक दुरुस्त करावेत आणि तोपर्यंत गाडी चालवू नये. इंजिन ऑइल ताजे असताना मधासारखे आणि वापरानंतर तपकिरी ते काळे दिसते. पांढऱ्या कागदावर एक थेंब घेऊन तो दिवसाच्या उजेडात पाहिला, म्हणजे बहुतेक वेळा शंका फिटते.

त्यानंतर सपाट जागी उभ्या केलेल्या गाडीखाली मोठा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवावा आणि त्यावर पुढची दोन चाके व इंजिनाची पुढची कड कोठे येते याच्या खुणा आधीच कराव्यात. सकाळी पुठ्ठ्यावर फक्त डाग किती मोठा आहे ते न पाहता थेंब मोजावेत, कारण तेल पसरते आणि दोन थेंबांचा डागही घाबरवण्याइतका मोठा दिसतो. साधारणपणे 20 थेंबांचा 1 मिलिलिटर होतो असे धरले, तर रात्रीला 10 थेंब म्हणजे महिन्याला जेमतेम 15 मिलिलिटर तेल. अनेक गाड्यांच्या डिपस्टिकवरील (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवरील) खालच्या आणि वरच्या खुणांमध्ये सुमारे 1 लिटरचे अंतर असते, तेव्हा एवढी गळती डिपस्टिकवर महिनाभरात कळणारही नाही. उलट पुठ्ठ्यावर चार-पाचच थेंब असताना डिपस्टिकवरील पातळी भराभर उतरत असेल, तर एकतर इंजिन तेल जाळत आहे किंवा इंजिन चालू असताना दाबामुळे दुसरीकडे गळती होत आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असल्यास पहिली शक्यता बळावते.

यापुढची पायरी कंटाळवाणी आहे, पण तिच्यावाचून बाकी सारे व्यर्थ आहे: इंजिन धुवून स्वच्छ करणे. वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ यांचा जो काळा लेप बसलेला असतो, त्यात कालचा पाझर आणि दहा वर्षांपूर्वीचा पाझर यांत फरक करता येत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, एअर फिल्टरचे तोंड आणि उघडी कनेक्टरे प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावीत, डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारे द्रव्य) फवारून थोडा वेळ मुरू द्यावे, जुन्या ब्रशने सांदीकोपरे घासावेत आणि हलक्या धारेने धुवावे. जोरदार दाबाचे पाणी वापरण्याचा मोह टाळावा. ते वायरींच्या जोडांत शिरते आणि गळती शोधायला निघालेल्या माणसाला स्टार्ट न होणारी गाडी मिळते. धुण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे छायाचित्र काढून ठेवले तर लेप कोठे सर्वांत जाड होता हे नंतर आठवावे लागत नाही.

गाडीखाली जायचे असेल तर ती स्टँडवर टेकवलेलीच असली पाहिजे आणि चाकांना ओट (गाडी घसरू न देणारे ठोकळे) लावलेली असली पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, क्षणभरही नाही.

स्वच्छ आणि कोरडे झालेले इंजिन तीन टप्प्यांत तपासावे. प्रथम ते जागेवरच 15 मिनिटे चालू ठेवावे आणि टॉर्च व लहान आरसा घेऊन सर्व बाजू पाहाव्यात. मात्र पट्टे व पंख्यापासून हात, बाह्या आणि केस दूर ठेवावेत, कारण विजेवरचा पंखा कधीही सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावरही. मग 10 ते 15 किलोमीटर गाडी चालवून आणावी आणि पुन्हा पाहावे. शेवटी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावे. जेथे तेल पंपाच्या दाबाखाली असते, म्हणजे फिल्टर, तेलाचा दाब ओळखणारा ऑइल प्रेशर स्विच किंवा ऑइल कूलरच्या नळ्या, तेथील गळती बहुधा पहिल्या टप्प्यातच दिसते. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) किंवा चेंबर येथे तेल केवळ उडते वा साचते, म्हणून तेथील पाझर सावकाश वर येतो. ओल दिसलेल्या जागांपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा ही पहिली संशयित मानावी.

इतके करूनही जागा नेमकी होत नसेल, तर संशयित भागावर टाल्कम पावडरीचा पातळ थर भुरभुरावा. थोडा वेळ इंजिन चालवल्यावर पांढऱ्या थरातून तेलाची काळपट रेघ केसासारखी बारीक उमटते आणि तिचे वरचे टोक गॅस्केटच्या कोणत्या कोपऱ्याशी आहे हे बोट ठेवून दाखवता येते. दुसरा उपाय म्हणजे इंजिन ऑइलमध्ये चमकणारा रंग मिसळून गाडी काही दिवस चालवणे आणि अंधारात अतिनील टॉर्चने पाहणे. गळतीची जागा पिवळट हिरवी चमकते. अडचणीच्या जागी रंग सरस ठरतो, पण प्रथम पावडर करून पाहावी असे माझे मत आहे.

संशयितांमध्ये टॅपेट कव्हरचे गॅस्केट अग्रस्थानी असते. कॉर्कचे गॅस्केट उष्णतेने वाळून तडकते, रबराचे कडक होऊन दबलेल्याच आकारात राहते, आणि दोन्हींची मागची, फायरवॉलकडील (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधील पत्र्याच्या भिंतीकडील) कड दिसत नसल्यामुळे तेथील पाझर सुटून जातो. तेथून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर येते आणि क्रँकचे (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचे) मागचे सील गेल्याचा भास निर्माण करते. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. माझ्या एका जुन्या गाडीच्या बाबतीत याच ठिपक्यावरून गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. इंजिन धुवून पाहिले तेव्हा दोष ऑइल प्रेशर स्विचचा निघाला: अंगठ्याएवढ्या त्या स्विचची वायर काढताच कनेक्टरच्या आतून तेलाचा एक थेंब ओघळला, म्हणजे तेल आट्यांमधून नव्हे तर स्विचच्या पोटातून येत होते.

फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आहे का, हे आधी पाहावे. एकावर एक दोन रिंगा बसल्या की तेल वेगाने बाहेर पडते आणि ही गोष्ट गाडी चालवत पाहण्यासारखी नाही. ड्रेन बोल्टच्या बाबतीत बहुधा वारंवार वापरलेला वॉशर दोषी असतो. क्रँक पुलीमागचे सील गेले असेल तर फिरत्या पुलीमुळे तेल वर्तुळाकार उडालेले दिसते, आणि ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाझर आढळला तर गॅस्केटांना दोष देण्याआधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारी वाट आणि तिच्यावरची झडप) तपासावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली चेंबरकडे नेहमीच निसटतो. तो बाहेर पडण्याची वाट काजळीने तुंबली की आतील दाब वाढतो आणि जे सील सर्वांत कमकुवत असेल तेथून तेल ढकलतो. पीसीव्ही असलेल्या पेट्रोल इंजिनात, इंजिन सावकाश चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरावा. कागद हलकासा ओढला जात असेल तर वाट मोकळी आहे. तो जोराने उडत असेल तर नळी साफ करण्यापासून सुरुवात करावी, अन्यथा नवे सीलही लवकरच पाझरू लागेल.

जागा सापडल्यावर बोल्ट जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. टॅपेट कव्हरच्या 6 मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा 8 ते 10 न्यूटन मीटर एवढाच ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतो. त्याहून अधिक ताणाने पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती वाढते. गळती थांबवणारी द्रव्ये कडक झालेल्या रबराला काहीशी फुगवतात, पण फाटलेल्या गॅस्केटवर त्यांचा उपयोग होत नाही, आणि मी ती वापरत नाही. महिन्याला चमचाभर तेल गळत असेल आणि ते कोणत्याही नाजूक भागावर पडत नसेल, तर पुठ्ठा ठेवून गप्प बसणे हाही समंजस निर्णय असू शकतो. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर, टायमिंग बेल्टवर किंवा क्लचपर्यंत पोहोचत असेल तर मात्र चालढकल करू नये. एक्झॉस्टवरील तेलाने आग लागू शकते आणि तेलात भिजलेला बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

दुरुस्तीनंतर तो भाग पुन्हा पुसून नवा पुठ्ठा तारीख घालून पसरावा. खालच्या आडव्या पट्ट्यांत आणि प्लास्टिकच्या आवरणात साचलेले जुने तेल पुढचे काही दिवस ठिबकत राहते, म्हणून पहिल्या रात्रीचे दोन थेंब पाहून गॅस्केट पुन्हा उघडू नये. आठवडाभर रोजचे थेंब मोजावेत आणि ते घटत नसतील तरच आरसा व टॉर्च हाती घ्यावा.