दम्याच्या रुग्णाचे घर आणि पावसाळ्यातील ओल

मुंबई-कोकणात पावसाळ्यात दारेखिडक्या बंद करून आत डासांची कॉइल लावण्याची सवय दमा असलेल्या प्रौढांना विशेष त्रासदायक ठरते, कारण तिच्या धुरातील २.५ मायक्रॉनहून लहान कण श्वासनलिकांच्या बारीक शाखांपर्यंत पोहोचतात आणि तेथील आधीच सुजलेले अस्तर अधिक चिघळते. डासांसाठी मच्छरदाणी हा जुनाच उपाय येथे सर्वांत बरा. देवघरातील उदबत्तीलाही हेच लागू आहे, जरी घरातील वडीलधाऱ्यांना ते पटवणे सोपे नसते.

भिंतीला आलेली बुरशी नव्या रंगाखाली झाकू नये. पाणी कोठून झिरपते ते शोधून गळती थांबवावी, आणि बुरशी पुसण्याचे काम रुग्णाने स्वतः करू नये. घरातील आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखता आली, तर बुरशी आणि अंथरुणातील सूक्ष्म धूळकिडे या दोहोंची वाढ मंदावते. अभ्रे व चादरी दर आठवड्याला सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवाव्यात. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी सुरू करावा, ठसका लागल्यावर नव्हे. हवा सुधारली म्हणून रोजचा इनहेलर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.