आल्को इंजिनाला आवाज देताना: साऊंड डीकोडर बसवू पाहणाऱ्यांसाठी

आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल लोकोमोटिव्हमध्ये १६ सिलिंडरचे, आल्को या अमेरिकन कंपनीच्या २५१ जातीचे इंजिन असल्यामुळे त्या घरघरीवर वाढलेल्या छांदिष्टाला अमेरिकन आल्को इंजिनाचे एचओ मॉडेल (प्रमाण १:८७, दोन रुळांमधले अंतर १६.५ मिमी) हाताशी धरून सुरुवात करणे सोयीचे जाते; साऊंड डीकोडरसाठी, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मॉडेलची मोटर, दिवे आणि आवाज चालवणाऱ्या छोट्या सर्किटसाठी, आल्को २५१ चे ध्वनिमुद्रण तयार मिळते, फक्त भोंगा आपल्या ओळखीचा नसतो. मॉडेलमध्ये ८ किंवा २१ पिनांचे सॉकेट असेल, तर त्याच जातीचा डीकोडर घेऊन तो नीट बसवला की जोडणीचे बहुतेक काम उरकते. खरी परीक्षा जुन्या, सॉकेट नसलेल्या मॉडेलमध्ये होते.

अशा अनेक मॉडेलांत मोटरचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा संपर्क) धातूच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, टेकलेला असतो आणि ती चासीच एका रुळाची वीज वाहून आणते. डीकोडरला हे मुळीच चालत नाही, कारण रुळावरची वीज मोटरच्या बाजूने आत शिरली की त्याचा मोटर चालवणारा भाग क्षणात जळू शकतो. म्हणून जुन्या तारा सोडवल्यावर मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक ब्रशला आणि दुसरे आळीपाळीने उजव्या चाकांना, डाव्या चाकांना व चासीला लावावे, आणि हीच तपासणी दुसऱ्या ब्रशवरही करावी. कुठेही बीप आला तर मोटरखाली कॅप्टन (Kapton) ही वीजरोधक टेप घालून आणि गरज पडल्यास धातूचे स्क्रू बदलून नायलॉनचे लावून पुन्हा तपासावे. त्यानंतरची जोडणी रंगांनुसार होते: लाल तार उजव्या रुळाकडे, काळी डाव्या रुळाकडे, नारिंगी व करडी मोटरला, निळी दिव्यांच्या सामाईक धन टोकाला, पांढरी पुढच्या आणि पिवळी मागच्या दिव्याला. एलईडी असल्यास प्रत्येकाला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर लावावा. सांध्यांवर चिकटपट्टी न गुंडाळता हीट-श्रिंक नळी चढवावी, कारण आतल्या उष्णतेने चिकटपट्टी सुटत जाते.

नवखे लोक महागडा डीकोडर घेतात आणि स्पीकर मात्र उघडाच ठेवतात, हे मला कधीच उमगलेले नाही. पडद्याच्या पुढची आणि मागची ध्वनिलहर एकमेकींत मिसळली की त्या परस्परांना मारतात आणि डिझेलचा खर्ज नाहीसा होतो. साखरेच्या चौकोनी वडीएवढा छोटा स्पीकरही हवाबंद डबीत बसवला, तर उघड्या मोठ्या स्पीकरपेक्षा भरदार वाजतो. मात्र तार बाहेर येते ते भोकसुद्धा गोंदाने बुजवलेले हवे. स्पीकरचे ओहम डीकोडरच्या माहितीपत्रकाशी जुळवून घ्यावेत. किमान ८ ओहम सांगितले असताना ४ ओहमचा एकच स्पीकर लावू नये, तसे दोन एकापाठोपाठ जोडले तर चालते.

मॉडेलचे वरचे कवच चढवण्याआधी इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडरच्या नोंदी वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, ठेवावे. तिथे विद्युतप्रवाह मर्यादित असल्याने जोडणी चुकलेली असली तरी डीकोडर वाचण्याची शक्यता अधिक असते. सीव्ही ८ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकित नोंद) मधला उत्पादकाचा क्रमांक वाचता आला, की संवाद जुळला असे समजावे आणि मगच इंजिनाला आदेश देताना वापरायचा मूळचा पत्ता ३ बदलावा. वीज टिकवणारा मोठा कपॅसिटर जोडलेला असेल, तर काही वेळा वाचन होत नाही. अशा वेळी तो तात्पुरता सोडवावा. मुख्य रुळावर आवाजाची पातळी निम्म्याच्या आसपास ठेवून ऐकावे, कारण एवढ्याशा स्पीकरला पूर्ण जोर दिला की आवाज चिरकतो. शेवटी कवच दाबताना एखादी तार त्याच्या व चासीच्या कडेत चेमटत नाही ना, आणि बोगी (खालचा चाकांचा गाडा) दोन्ही बाजूंना मोकळी वळते ना, हे पाहून मगच स्क्रू आवळावेत.