इम्प्लांट पुन्हा बदलताय? या चुका टाळा

स्तनांत इम्प्लांट बसवून काही वर्षं झाली की कधी एक बाजू कडक लागते, वर चढते, दुखते, तर कधी आकारच मनाला पटेनासा होतो. सर्जनसमोर बसल्यावर बहुतेकींच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते "बदलून द्या" असं. फसगत इथूनच सुरू होते. नेमकं काय बिघडलंय हे न शोधता केलेली दुसरी शस्त्रक्रिया तिसरीला बोलावून घेते. आणि दरवेळी त्वचा थोडी पातळ होते, आतले व्रण वाढतात, स्तनाग्राचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो.

कागद न घेता जाणं

इम्प्लांटच्या खोक्यात चिकटवायचे स्टिकर येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर आणि सीसीमध्ये आकारमान छापलेलं असतं. एक स्टिकर रुग्णाच्या कार्डावर, एक हॉस्पिटलच्या केस पेपरवर लागतो. कार्ड हरवलं असेल तर जुन्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितलेले कागद ७२ तासांत द्यायचे असतात. पण दाखल रुग्णांचे कागद जपण्याचं बंधन ३ वर्षांचंच आहे, त्यामुळे आज-उद्या करू नका. स्टिकरइतकीच ऑपरेशन नोटही मोलाची. इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, चीर स्तनाखालच्या घडीत, काखेत की स्तनाग्राभोवती, हे तिथेच कळतं.

पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हेही बघा. खरखरीत इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण बनवतं, त्यात बीआयए-एएलसीएल हा दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, होऊ शकतो. अलर्गन कंपनीचे बायोसेल इम्प्लांट याच कारणाने जुलै २०१९ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. तरीही काही त्रास नसेल तर केवळ भीतीपोटी ते काढून टाका, असा अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) सल्ला नाही.

अचानक आलेली सूज "पाणी काढून" मिटवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेल्यावर एकच स्तन एकाएकी फुगला, तर मार लागला असेल म्हणून थांबू नका आणि सुईने पाणी काढून ते बेसिनमध्ये ओतूही देऊ नका. आधी सोनोग्राफी. मग सोनोग्राफीत बघून जितकं निघेल तितकं पाणी काढून पॅथॉलॉजीकडे, आणि फॉर्मवर स्पष्ट लिहून: "इम्प्लांटभोवतीचं पाणी, सीडी३० तपासणी हवी." सीडी३० ही या लिम्फोमाच्या पेशींवरची खूण. हे लिहिलं नाही तर नेहमीच्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. निदान होण्याआधीच इम्प्लांट बदललं, तर कॅन्सरची शस्त्रक्रिया नंतर पुन्हा करावी लागते.

हाताला नीट लागतंय, म्हणजे फुटलेलं नाही असं समजणं

सलाइनचं इम्प्लांट फुटलं की स्तन बसतो, लगेच कळतं. सिलिकॉन जेलचं मात्र गुपचूप फुटतं. जेल आवरणातच राहतं आणि बाहेरून काही बदलत नाही. म्हणून त्रास नसला तरी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५ ते ६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी, असं एफडीए सांगते. एमआरआयच्या चिठ्ठीवर "इम्प्लांट फुटलंय का" हा प्रश्न लिहून घ्या आणि सेंटरला फोन करून स्तनांसाठीची खास कॉइल (तपासणीवेळी स्तनांभोवती येणारा एमआरआयचा भाग) आहे का ते विचारा. पालथं झोपवून ही तपासणी होते. निव्वळ फुटलंय का ते बघायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. फुटलेल्या इम्प्लांटचं कवच जेलमध्ये घडी पडून शेवयांच्या वळशांसारखं दिसतं.

कडकपणा मालिशने मोडायला जाणं

इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं आवरण बनवतं. ते आकसलं की स्तन कडक होतो. याच्या चार पायऱ्या आहेत: पहिलीत मऊ, दुसरीत किंचित घट्ट पण दिसायला ठीक, तिसरीत आकार बिघडलेला, चौथीत कडक आणि दुखरा. पूर्वी हाताने जोरात दाबून आवरण फोडत असत. त्यात इम्प्लांटच फुटायचं, रक्त साचायचं, म्हणून ती रीत सोडून दिली. पार्लरमध्ये किंवा घरी जोर लावून केलेली मालिश म्हणजे तोच प्रकार.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर नुसतं इम्प्लांट बदलणं अर्धवट काम आहे. आवरण काढायला हवं, किंवा इम्प्लांटसाठी नवी जागा तयार करायला हवी. उदाहरणार्थ, स्नायूच्या वरचं खाली न्यायचं. आणि "चांगलंच आहे की" म्हणून जुनंच इम्प्लांट धुऊन परत बसवू नका. त्यावर चिकटलेला जंतूंचा पातळ थर धुतल्याने जात नाही, आणि कडकपणामागे तोच असल्याची शक्यता मोठी.

याउलट, आवरण अखंड, इम्प्लांटसकट एकाच तुकड्यात काढायचा हट्टही नको. कॅन्सर असेल तर ते आवश्यकच. एरवी स्नायूखालच्या आवरणाची मागची बाजू बरगड्यांना चिकटलेली असते. ती ओढून काढताना फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला भोक पडू शकतं.

सैल पडलं म्हणून मोठं घालणं

त्वचा ओघळली की अनेकींना वाटतं ५० सीसी वाढवले की भरून येईल. थोडे महिने तसं दिसतंही. मग जास्तीच्या वजनाने खालची बाजू ताणून पातळ होते आणि इम्प्लांट घडीच्या खाली घसरतं. अशा वेळी उचलण्याची शस्त्रक्रिया लागते, कधी इम्प्लांट लहानच करावं लागतं. ब्राच्या कपावरून माप ठरवू नका, ब्रँडगणिक कप बदलतो. स्तनाच्या पायाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून घ्या आणि इम्प्लांट त्यापेक्षा रुंद नको, हे आधीच बोलून ठेवा.

घाई, आणि मिश्री

सूज ओसरून व्रण मऊ व्हायला निदान ६ महिने लागतात, त्याआधी आकारावर निकाल देऊ नका. जंतुसंसर्ग, रक्त साचणं किंवा टाके उघडून इम्प्लांट दिसणं याला मात्र थांबायचं नसतं.

सिगारेट आधी ४ आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. मिश्री, तंबाखू आणि निकोटिनचा च्युइंगगमही त्यातच आला, "सिगारेट ओढता का?" या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई निर्धास्तपणे "नाही" म्हणते, म्हणून स्वतःहून सांगा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच चिरलेल्या स्तनात त्याने स्तनाग्र काळं पडू शकतं.

वॉरंटीचा अर्थ न वाचणं

"आजन्म वॉरंटी" म्हणजे साधारणपणे फुटलेल्या इम्प्लांटच्या बदली नवं. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचं बिल त्यात असेलच असं नाही, आणि निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्य विम्यात बसत नाही. काढलेलं इम्प्लांट कंपनी परत मागते, म्हणून ते कचऱ्यात जाऊ देऊ नका: नंबर दिसेल असा फोटो काढायला लावा, काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला पाठवा आणि नव्या स्टिकरची एक प्रत डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.