वढवाण्याच्या तळ्यावर पट्टकादंब कसे पाहावेत

गुजरातेतल्या वडोदा जिल्ह्यात डभोईजवळचे वढवाणा तळे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शेतीसाठी बांधले गेले आणि २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. पट्टकादंब हा तिथला हिवाळी पाहुणा. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात.

जाण्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. पट्टकादंब बहुधा रात्री आसपासच्या शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात, म्हणून परतणारे थवे पाहायचे असतील तर वडोद्याच्या दांडिया बाजारातून पहाटे पाचला तरी निघावे. प्रवेशाच्या वेळा आदल्या दिवशी वनखात्याकडे विचारून घ्याव्यात. कपडे मातकट रंगाचे असावेत आणि उगवता सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरावी, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात.

पोहोचताच दुर्मिळ पक्ष्यामागे लागू नये. आधी वारकरी हा पाणपक्षी ओळखावा. काळ्या अंगावर कपाळाची पांढरी खूण गोपीचंदनाच्या टिळ्यासारखी दिसते, त्यामुळे मराठी माणसाला तो एकदा पाहिला की विसरत नाही. मग चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी तांबडे ठिपके असलेले हळदीकुंकू बदक, पसरट चोचीचा थापट्या. सारी बदके एकदम उधळली तर आकाशाकडे पाहावे, कारण वर शिकारी पक्षी असू शकतो, आणि येथे संकटग्रस्त पॅलासच्या मत्स्यगरुडाचीही नोंद आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंतर. चरणारे हंस माना उंचावून स्तब्ध झाले की आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे, तिथेच थांबावे, आणि माना खाली गेल्या नाहीत तर मागे यावे. छायाचित्रासाठी थवा उडवणे मला अक्षम्य वाटते, कारण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी अंगात चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.

मोजणीसाठी थव्यातले दहा पक्षी मोजून तेवढा पुंजका नजरेत धरावा आणि असे किती पुंजके होतात ते पाहावे; शक्य असल्यास दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे. वहीत तारीख आणि वेळेबरोबर पाण्याची पातळीही लिहावी, कारण रब्बीसाठी पाणी सोडल्यावर काठ उघडा पडतो आणि पक्षी जागा बदलतात. पुढच्या वर्षी संख्या वेगळी आली, तर पक्षी घटले की पाणीच जास्त होते, याचा अंदाज त्या नोंदीवरून बांधता येईल.