साठीनंतर मोटारसायकल निवडताना काय पाहावे

साठीच्या आसपास नवी मोटारसायकल घ्यायला निघालेला माणूस बहुधा इंजिन किती सीसीचे आहे इथून सुरुवात करतो, आणि विक्रेताही त्याला तिथेच गुंतवून ठेवतो. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. वेग आला की दुचाकी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच धरते. वयाचा खरा कस लागतो तो गाडी उभी असताना किंवा पायी चालण्याच्या वेगाने ती वळवताना. त्यामुळे ‘थांबलेली गाडी मला सांभाळता येते का’ हा पहिला प्रश्न असावा आणि ताकद, मायलेज, रंगरूप यांचा विचार त्यानंतर करावा.

माहितीपत्रकातले वजन वाचताना ते इंधन आणि ऑइल धरून दिलेले आहे की ते वगळून, हे विचारून घ्यावे. पेट्रोल लिटरमागे साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे 15 लिटरची टाकी पूर्ण भरली की सुमारे 11 किलो वाढतात आणि तेही वरच्या बाजूला, जिथे ते सर्वांत जास्त जाणवतात. वजन कुठे आहे याला ते किती आहे याइतकेच महत्त्व असल्यामुळे 180 किलोच्या दोन गाड्या हाताला अगदी वेगळ्या लागू शकतात. याची परीक्षा इंजिन बंद ठेवूनच करावी. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन डाव्या बाजूला उभे राहावे, दोन्ही हातांनी हँडल धरून ती दहा पावले पुढे न्यावी, तितकीच मागे आणावी, आणि किंचित चढ असेल तिथे मागे ढकलून पाहावी. मग हँडल एका बाजूला पूर्ण वळवून हेच करावे, कारण उभ्या गाड्या पडतात त्या बहुतेक अशाच वेळी: हँडल वळलेले, पुढचा ब्रेक अचानक दाबलेला आणि पायाखाली बारीक खडी. डबल स्टँडवर गाडी चढवताना दंडाची ताकद लावायची नसते. स्टँडच्या दांड्यावर पाय ठेवून शरीराचा भार खाली सोडायचा असतो. एवढे करूनही गाडी चढत नसेल किंवा या खटाटोपातच दम लागत असेल, तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

सीटच्या उंचीचा आकडा एकटा पाहू नये. 780 मिलिमीटर उंचीची पण पुढे रुंद असलेली सीट मांड्या फाकवते आणि पाय जमिनीपासून दूर ठेवते. 810 मिलिमीटरच्या निमुळत्या सीटवरून तेच पाय सहज टेकतात. नेहमीचे बूट घालून बसावे आणि दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकतात का, एक पाय पूर्ण टेकतो का, हे पाहावे. उंची कमी करण्यासाठी सीटचा फोम कापून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने गुडघा अधिक दुमडतो आणि माकडहाडाला धक्के बसतात. चढण्या-उतरण्याचाही विचार करावा: मागे सामानाची पेटी लावली की पाय किती वर उचलावा लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येते ते पेटी बसवून झाल्यावर.

बसण्याच्या ढबीबाबत माझे मत स्पष्ट आहे. क्रूझरची सीट बुटकी असते आणि पाय पुढे पसरल्यामुळे गुडघ्यांना आराम मिळतो, म्हणून ती ज्येष्ठांची गाडी मानली जाते. परंतु त्या बैठकीत खड्डा दिसला तरी फूटरेस्टवर भार देऊन अंग उचलता येत नाही आणि सगळा हादरा कमरेला बसतो. खाली झुकायला लावणाऱ्या स्पोर्ट्स गाडीत मनगटे आणि मान दुखतात. फूटरेस्ट जवळपास सीटच्या खाली, पाठ ताठ आणि कोपरे सैल राहतील एवढे उंच हँडल, अशी साधी बैठकच बहुतेकांना शेवटपर्यंत साथ देते.

क्लच ओढून सोडण्याची क्रिया गर्दीत करावी लागते तशी लागोपाठ वीस-पंचवीस वेळा करून पाहावी. अंगठ्याच्या किंवा बोटांच्या सांध्यांत दुखणे असेल, तर असिस्ट क्लच (कमी जोरात ओढता येणारा) आणि मागेपुढे करता येणारे लिव्हर यांनी मोठा फरक पडतो. हाताने क्लच ओढणे मुळीच नको असेल, तर होंडाने 2010 च्या सुमारास मोटारसायकलवर आणलेली, गिअर आपोआप बदलणारी ड्युअल क्लच पद्धत किंवा विजेवरची गाडी हे पर्याय आहेत.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत मात्र तडजोड नसावी. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूच्या के100 मालिकेवर आलेली ही सोय आता लहान गाड्यांवरही मिळते. एकेरी एबीएस फक्त पुढच्या चाकापुरते असते, तेव्हा दोन्ही चाकांचे आहे ना, हे विचारून घ्यावे. दचकल्यावर हात ब्रेक आवळतोच. अशा वेळी पुढचे चाक जाम झाले तर सावरायला अवधी मिळत नाही, आणि या वयात मोडलेले हाड जुळायलाही वेळ लागतो.

चालवून पाहण्यासाठी पाच मिनिटांची सरळ फेरी पुरत नाही. अरुंद रस्त्यावर यू टर्न घ्यावा, चढावर थांबून पुन्हा निघावे, अर्धा तास नेहमीच्या वेगाने चालवून बोटांना मुंग्या येतात का ते पाहावे. नेहमीचा चष्मा लावून भर उन्हात मीटरचे आकडे वाचावेत आणि शक्य असल्यास अंधार पडल्यावर हेडलाइटचा उजेडही तपासावा, कारण वयाबरोबर डोळ्यांना अधिक प्रकाश लागतो. एखाद्या मित्राकडे तीच गाडी असेल तर ती दिवसभरासाठी मागून घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर आणि गुडघे जे सांगतील, ते शोरूममध्ये कळत नाही.

पायावर भरवसाच राहिला नसेल, तर पुढे दोन चाके असलेल्या वाहनाचा विचार जरूर करावा. 2006 मध्ये आलेली पियाजिओ एमपी3 दुचाकीसारखीच वळणात झुकते, पण थांबताना तिचे झुकणे लॉक करता येत असल्याने पाय टेकावा लागत नाही; मात्र ती हाताने ढकलायला जड आहे, तेव्हा वर सांगितलेली परीक्षा तिचीही घ्यावी.

गाडी ठरली की ताब्यात घेण्यापूर्वीच मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा ताण आपल्या वजनाप्रमाणे, दोन्ही लिव्हर बोटांच्या पोहोचीप्रमाणे आणि ब्रेक पेडल घोट्याला सोसेल तसे मेकॅनिककडून स्वतः बसून लावून घ्यावे.