काउंटरवर मोबाईल नंबर मागितला तर काय करायचं

परवा नागपुरात बर्डीच्या बाजारात आईसाठी चप्पल घेतली, तर काउंटरवरचा पोरगा बिल करायच्या आधीच नंबर मागून राहिला होता, आणि मागे लाईन लागली की आपण पटकन सांगून मोकळे होतो, तेच टाळा. "नंबर नाही देत, बिल द्या भाऊ" एवढंच म्हणायचं. ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडवू नका.

ओटीपी आला तर सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, कधीकधी तो बिलाचा नसतोच, जाहिरातींना दिलेली परवानगी असते!

नंबर आधीच गेला असेल तर १९०९ वर इंग्रजीत स्टार्ट, स्पेस, शून्य असा मेसेज टाका, जाहिरातीचे कॉल आणि मेसेज ब्लॉक होतात, बँकेचे व्यवहाराचे येत राहतात. तरी कोणी छळलंच तर सात दिवसांत तिथंच तक्रार करा, कॉलचा नंबर आणि तारीख जपून ठेवा.

आधार मागितलं तर मास्क्ड कॉपी द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि घरच्या म्हाताऱ्यांना हे नक्की समजावून सांगा, ते बिचारे कोणालाही नाही म्हणत नाहीत.